जेकब यांचा तारा : बाह्यग्रहांच्या शोधाची प्रस्तावना

सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असावा, असा मोजमापांवर आधारलेला जो सर्वांत जुना दावा या विषयाच्या इतिहासात सांगितला जातो, तो १८५५ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. लिहिणारे होते मद्रास वेधशाळेचे संचालक कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब. तारा होता भुजंगधारी तारकासमूहातला ७० क्रमांकाचा. मद्रासला जाण्याआधी जेकब यांनी स्वतःची वेधशाळा उभारली होती ती पुण्यात, १८४२ साली. आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा मृत्यू झाला तोही पुण्यातच.

बाह्यग्रहांविषयी मराठीत लिहायचे तर सुरुवात कुठून करावी, याचा मी पुष्कळ विचार केला. बहुतेक पुस्तके १९९५ पासून, जिनिव्हाच्या दोन खगोलशास्त्रज्ञांपासून सुरुवात करतात. ते योग्यच आहे, कारण सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचा पक्का पुरावा तिथून हाती आला. तरी पुण्यात बसून लिहिणाऱ्याने जेकब यांना ओलांडून पुढे जावे, हे मला पटेना. त्यांनी सांगितलेला ग्रह तिथे नव्हता. पण तो का वाटला आणि का नव्हता, हे नीट समजून घेतले की या विषयाची अर्धी वाट चालून होते.

आधी शब्दाविषयी दोन शब्द. वर्तमानपत्रे ‘परग्रह’ लिहितात, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे लगेच हिरवी माणसे उभी राहतात. जुन्या मराठी पुस्तकांत ‘बहिर्ग्रह’ असा शब्द आहे, पण तो मंगळ, गुरू, शनी अशा पृथ्वीच्या कक्षेबाहेरच्या ग्रहांसाठी. इथे ‘बाह्यग्रह’ म्हणजे सूर्यमालेबाहेरचा, दुसऱ्या ताऱ्याच्या घरचा ग्रह. एवढे ठरवून घेतले की पुढे गोंधळ होणार नाही.

आता जेकब यांच्याकडे. सॉमरसेटमधल्या एका पाद्र्याचा हा मुलगा १८१३ साली जन्मला, बॉम्बे इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला आणि भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात राबला. सर्वेक्षणाच्या कामात माणसाला एक खोड लागते : कोन मोजायचा, पुन्हा मोजायचा, आणि दोन मोजण्यांत फरक का पडला हे शोधायचे. तीच खोड घेऊन ते आकाशाकडे वळले. पेशवाई संपून तेव्हा चोवीस वर्षे झाली होती, आणि पुण्याच्या रस्त्यांवर विजेचे दिवे यायला अजून काही दशके होती. पाच फूट लांबीच्या डॉलंड दुर्बिणीतून त्यांनी जोडताऱ्यांचे वेध घेतले आणि २४४ जोडताऱ्यांची यादी तयार केली. वृश्चिकातल्या ‘न्यू’ या ताऱ्याचा मंद जोडीदार स्वतःच दुहेरी आहे, हे त्यांना १८४७ मध्ये दिसले. याच वर्षांत मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम शिकलेले केरोपंत छत्रे मराठीतून आधुनिक गणित-ज्योतिष मांडण्याची तयारी करत होते. त्यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये छापली गेली. पुण्या-मुंबईचे आकाश त्या काळात असे दोन्ही भाषांतून मोजले जात होते.

जोडतारे मोजणे म्हणजे काय, हे जरा थांबून पाहू. आकाशातले अंतर आपण अंश, कला, विकलांत सांगतो. एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. पर्वतीच्या माथ्यावर उभे राहून शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात कुणीतरी हातात धरलेले रुपयाचे नाणे पाहिले, तर ते साधारण एवढे दिसेल. भुजंगधारी ७० मधले दोन तारे एकमेकांपासून काही थोड्या विकलांवर असतात. त्यांची जोडी विल्यम हर्शेल यांनी १७७९ मध्ये ओळखली होती. दोघे एकमेकांभोवती सुमारे ८८ वर्षांत एक फेरी पुरी करतात. जेकब यांनी जुनी मापे आणि स्वतःची मापे एकत्र मांडली, त्यांवरून कक्षा काढली, आणि त्यांना दिसले की तारा त्या कक्षेवरून नेमका चालत नाही. तो कधी किंचित पुढे, कधी किंचित मागे पडतो. हा फरक विकलेच्या लहानशा अंशाइतका होता. त्यांनी निष्कर्ष मांडला : या जोडीत तिसरा, न दिसणारा, ग्रहासारखा कुणीतरी असण्याची शक्यता फार मोठी आहे. ‘आहेच’ असे त्यांनी म्हटले नाही.

हा तर्क वेडा नव्हता. अंगणात दोघी फुगडी खेळताना एक भारी आणि एक हलकी असेल, तर हलकी मोठ्या वर्तुळात फिरते आणि भारी जागच्या जागी छोटा गिरका घेते. हलकी अंधारात असली, अजिबात दिसत नसली, तरी भारीच्या गिरक्यावरून कळते की हिने कुणाचे तरी हात धरले आहेत. किती वेळात गिरका पुरा होतो आणि तो केवढा आहे, यावरून न दिसणारी किती वजनाची असेल तेही सांगता येते. याच विचाराने १८४६ मध्ये युरेनसच्या चालीतल्या फरकावरून नेपच्यून सापडला होता. याच विचाराने बेसेल यांनी १८४४ मध्ये सांगितले होते की व्याधाच्या ताऱ्याला एक न दिसणारा जोडीदार असला पाहिजे. तो जोडीदार जानेवारी १८६२ मध्ये अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांना दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसला. म्हणजे जेकब यांच्या हयातीतच हा तर्क एकदा नव्हे, दोनदा खरा ठरला होता.

पण भुजंगधारी ७० च्या बाबतीत तो ठरला नाही. १८९६ मध्ये अमेरिकेतल्या टी. जे. जे. सी यांनी त्याच ताऱ्यापाशी न दिसणाऱ्या जोडीदाराचा दावा नव्याने केला. १८९९ मध्ये फॉरेस्ट रे मोल्टन यांनी गणित करून दाखवले की अशी त्रयी टिकूच शकत नाही. दोन ताऱ्यांची ओढाताण तिसऱ्याला तिथे राहू देणार नाही. १९४३ मध्ये आणखी एकदा दावा झाला. तोही पुढच्या, अधिक काटेकोर मापांपुढे उभा राहिला नाही. तारा खरोखर डगमगत नव्हता, मापे डगमगत होती. दुर्बिणीची बैठक, हवेची थरथर, भिंग, डोळा, वेगवेगळ्या निरीक्षकांच्या सवयी अशा सगळ्यांच्या लहान लहान चुका मिळून एक खोटी लय तयार झाली होती. फुगडीतल्या भारीचा गिरका आपल्याला दिसला, आणि नंतर कळले की आपणच हलत होतो.

जेकब यांना मात्र हे कळण्याइतके आयुष्य मिळाले नाही. मद्रासचे काम १८५९ मध्ये सोडून ते इंग्लंडला गेले होते. पुण्याच्या परिसरात उंच डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फुटांवर वेधशाळा उभारण्याची त्यांची योजना होती. हवेचा जाड थर खाली राहिला की तारे शांत दिसतात, हे त्यांना ठाऊक होते. ब्रिटिश पार्लमेंटने १८६२ मध्ये त्यासाठी एक हजार पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्यांनी स्वतः विकत घेतली. ८ ऑगस्टला ते मुंबईत उतरले आणि १६ ऑगस्टला पुण्यात पोचताच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे अठ्ठेचाळीस. ती वेधशाळा तशीच राहिली. पुण्याने गमावलेल्या गोष्टींची यादी करायला कुणी बसले, तर माझ्या मते तिच्यात या वेधशाळेला वरचे स्थान मिळायला हवे.

पुण्याला मोठी दुर्बीण मिळाली ती आणखी पाव शतकाने. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांची देणगी मिळवून, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तिथली वीस इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. नायगमवाला यांचा भर वर्णपटावर होता. ताऱ्याचा किंवा तेजोमेघाचा प्रकाश रंगांत पसरून त्यातल्या रेषा वाचायच्या, हे ते करीत. मृगातल्या तेजोमेघाच्या एका रेषेबद्दल इंग्लंडमधले नामवंत नॉर्मन लॉकियर यांचे मत होते की ती धूसर कडेची पट्टी आहे. नायगमवाला यांनी लॉकियर यांच्याकडेच शिक्षण घेतले होते. पण पुण्याच्या दुर्बिणीतून त्यांना ती रेषा दरवेळी स्वच्छ, टोकदार दिसली, आणि त्यांनी तसेच छापले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली.

नायगमवाला यांचा उल्लेख मी केवळ पुण्याचा अभिमान म्हणून केलेला नाही. फुगडीचा गिरका आकाशात सरकताना पाहणे किती कठीण आहे, हे जेकब यांच्या उदाहरणाने दाखवले. पण तोच गिरका वर्णपटातून पाहता येतो. तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जाताना तांबड्याकडे. फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा आवाज जवळ येताना चढा आणि पुढे गेल्यावर उतरता लागतो, तसेच हे. गुरूमुळे सूर्य सेकंदाला साडेबारा मीटर वेगाने गिरका घेतो, म्हणजे जगातला सर्वांत वेगवान धावपटू ऐन भरात धावेल जवळपास एवढा वेग. पृथ्वीमुळे घेतो तो गिरका सेकंदाला जेमतेम नऊ सेंटिमीटरचा, रांगणाऱ्या बाळाहूनही सावकाश. शेकडो प्रकाशवर्षे दूरच्या, उकळत्या वायूच्या गोळ्याचा एवढासा वेग मोजायचा, असे हे काम आहे.

१९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलॉझ यांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून ५१ पेगासी या ताऱ्याचा असा गिरका मोजला. सेकंदाला सुमारे साठ मीटर, आणि एक फेरी फक्त ४.२ दिवसांची. आपला बुध सूर्याभोवती फिरायला ८८ दिवस घेतो. इथे गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह चार दिवसांत ताऱ्याला वळसा घालत होता. असा ग्रह असू शकतो, ही कल्पनाच तेव्हा कुणाला रुचत नव्हती. त्यांना या कामासाठी २०१९ मध्ये नोबेल मिळाले. या ग्रहाची बातमी त्यांनी प्रथम सांगितली ती १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेत. त्याच परिषदेत दुसरी एक मोठी बातमी जाहीर झाली, आणि तिच्यामागे होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी. ग्लीझ २२९ या ताऱ्याच्या शेजारी त्यांना ताऱ्याहून हलकी आणि ग्रहाहून जड अशी एक थंड वस्तू सापडली होती. तिच्या वर्णपटात मिथेन होता, जो गुरूच्या वातावरणात असतो. तपकिरी बटू म्हणतात तो हा, नि:संशय ओळखला गेलेला पहिला. तारे कुठे संपतात आणि ग्रह कुठे सुरू होतात, हा प्रश्न त्या दिवसापासून कागदावरचा राहिला नाही. २०२४ मध्ये अधिक बारीक वेध घेतल्यावर कळले की ती एक वस्तू नव्हे, एकमेकींभोवती बारा दिवसांत फिरणाऱ्या दोन आहेत. तीस वर्षे सर्वांनी एक मानलेली वस्तू जोडी निघाली, याची मला गंमत नव्हे, मोठी धन्यता वाटते.

जेकब यांचे नाव आठवते ते आणखी एका प्रसंगाने. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकचे अँड्र्यू लाइन यांनी एका पल्सारभोवती, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओस्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्याभोवती, ग्रह सापडल्याचे जाहीर केले. त्याचा फेरा सहा महिन्यांचा होता. पुढे त्यांना आढळले की आकडेमोडीत पृथ्वीच्या स्वतःच्या कक्षेची दुरुस्ती नीट धरली गेली नव्हती, आणि ते सहा महिने आपल्याच वर्षाची सावली होती. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटाच्या सभेत, जिथे आपल्या ग्रहाबद्दल बोलायचे होते तिथेच, त्यांनी उभे राहून सांगितले की ग्रह नाही. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांच्या मागोमाग बोलायला उठले अलेक्झांडर वोल्श्चान. त्यांनी आणि डेल फ्रेल यांनी दुसऱ्या एका पल्सारभोवती शोधलेले ग्रह आजही टिकून आहेत. इतर ताऱ्यांभोवतीचे, पक्के ठरलेले ते पहिले ग्रह.

मोजण्याची दुसरी रीत आपल्यापैकी पुष्कळांनी घरच्या अंगणात पाहिली आहे. ८ जून २००४ रोजी, आणि पुन्हा ६ जून २०१२ च्या सकाळी, शुक्र सूर्यबिंबावरून सरकत गेला. त्याला अधिक्रमण म्हणतात. ज्यांनी कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून तो काळा ठिपका पाहिला, त्यांनी त्या वेळी सूर्याचा सुमारे हजारावा भाग प्रकाश झाकलेला पाहिला. तो ठिपका इतका दूर असता की दिसलाच नसता, फक्त सूर्याचा प्रकाश हजारात एक इतका घटून पुन्हा वाढला असता, तरी तिथे ग्रह आहे हे सांगता आले असते. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्यावर नेमके हेच घडले, आणि त्या वेळची एक दुर्बीण अवघ्या दहा सेंटिमीटर व्यासाची होती. पुण्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या गच्चीवर मावेल अशी. मात्र ग्रहाची कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असली तरच तो ताऱ्यासमोरून जाईल. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीसारख्या अंतरावरचा ग्रह असा दिसण्याची संधी दोनशेत एक. म्हणून २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीला एकाच वेळी लाखाहून अधिक ताऱ्यांवर डोळा ठेवावा लागला. पक्क्या बाह्यग्रहांची संख्या मार्च २०२२ मध्ये पाच हजारांवर गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सहा हजारांवर. त्यांतले बहुतेक याच रीतीने सापडले.

दोन्ही रीती एकत्र आल्या की ग्रहाची ओळख पटू लागते. गिरका वजन सांगतो, अधिक्रमण आकार सांगते, आणि दोन्हींवरून घनता निघते. म्हणजे तो दगडाचा की वायूचा, हे कळते. आपल्या देशात हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने अबूच्या गुरुशिखरावरून केले आहे. तिथल्या १.२ मीटर दुर्बिणीला जोडलेल्या ‘पारस’ या वर्णपटमापकाने २०१८ मध्ये, सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचे वजन मोजले. पृथ्वीच्या सत्तावीस पट वजन आणि सहा पट व्यास. यावरून घनता पाण्याहून कमी निघते. अशा ग्रहाचे नाव कधी मथळ्यात येत नाही, पण एका ग्रहाचे खरे वजन मला दहा कल्पनाचित्रांहून मोलाचे वाटते.

वातावरण वाचायचे असेल तर अधिक्रमणाच्या वेळी ग्रहाच्या कडेच्या पातळ हवेतून गाळून आलेला ताऱ्याचा प्रकाश तपासायचा. एचडी २०९४५८ च्या ग्रहावर या रीतीने सोडियम सापडले. २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने डब्ल्यूएएसपी-३९ बी या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड स्वच्छ दाखवला. इथेच आपल्या वर्तमानपत्रांकडे एक तक्रार नोंदवावीशी वाटते. ‘दुसरी पृथ्वी सापडली’ हा मथळा मी इतक्या वेळा वाचला आहे की त्यातली प्रत्येक पृथ्वी खरी असती तर आज आपल्याला शेजाऱ्यांची कमतरता नसती. २०२५ च्या एप्रिलमध्ये के२-१८ बी या ग्रहावर, पृथ्वीवर समुद्री जीव सोडतात तसा एक वायू असल्याच्या खुणा मिळाल्याचे केंब्रिजच्या गटाने सांगितले. पुरावा तीन सिग्माचा होता, म्हणजे शोध म्हणून मान्य होण्याच्या उंबरठ्याच्या बराच अलीकडे, आणि इतर गटांनी तीच मापे पुन्हा तपासून शंका घेतल्या. संशोधकांनी स्वतः सावधगिरीची भाषा वापरली होती; मथळ्यांत ती उरली नाही. वाचकाने या पुस्तकातून दुसरे काही नाही घेतले तरी चालेल, पण पुढचा असा मथळा दिसला की ‘मापात चूक किती?’ एवढे विचारावे.

आता पुण्याचे आजचे काम. नारायणगावाजवळच्या खोडदला, शिवनेरीच्या मुलखात, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात पसरून उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी कल्पिलेली आणि उभारलेली ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते. लोखंडी पत्र्याऐवजी तारेची जाळी ताणून केलेल्या त्या बशा वाऱ्याला वाट देतात, म्हणून इतक्या मोठ्या असूनही हलक्या आणि स्वस्त. १९५५ मध्ये, जेकब यांच्या लेखानंतर नेमक्या शंभर वर्षांनी, बर्क आणि फ्रँकलिन यांना अनपेक्षितपणे कळले होते की गुरू रेडिओलहरी सोडतो. त्यांचे मूळ त्याच्या चुंबकीय क्षेत्रात आहे. मग दूरच्या ताऱ्यांभोवतीचे गुरूही असे बोलत असतील का? बोलत असतील तर त्यांच्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज येईल, आणि चुंबकीय क्षेत्र हे ग्रहाच्या हवेचे कवच असते. हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या रीतीने सोडवणे फार अवघड आहे.

गुरूचा आवाज सुमारे चाळीस मेगाहर्ट्झच्या वर जात नाही. खोडदच्या अँटेना त्याहून वरच्या पट्ट्यांत ऐकतात. तेव्हा गुरूहून बळकट चुंबकत्वाचा ग्रहच इथे ऐकू येऊ शकतो. भूतप तारकासमूहातल्या टाऊ बूटिसच्या ग्रहासाठी इथे कान लावले गेले, आवाज आला नाही. हंस तारकासमूहातल्या एचएटी-पी-११ बी या, नेपच्यूनएवढ्या ग्रहाकडे २००९ मध्ये १५० मेगाहर्ट्झवर पाहिले गेले. ग्रह ताऱ्याआड गेला तेव्हा तिथून येणारा क्षीण संकेत नाहीसा झाल्यासारखा दिसला. फ्रेंच आणि भारतीय शास्त्रज्ञांच्या गटाने २०१० मध्ये पुन्हा पाहिले, तर काहीच नव्हते. २०१३ मध्ये छापलेल्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी याला ‘संकेत’ म्हटले, शोध म्हटले नाही. तो ग्रहाचा आवाज होता आणि दुसऱ्या वेळी तो गप्प होता, की पहिल्या वेळीच मापाने फसवले, हे अजून ठरलेले नाही. एखाद्या बाह्यग्रहाचा रेडिओ आवाज नि:संशय ऐकल्याचे आजवर कुणी दाखवलेले नाही. दुर्बिणीचे नूतनीकरण झाल्यावर खोडदला हा शोध पुढे चालू आहे, आणि ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत उभारल्या जाणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या दुर्बिणीच्या कामातही पुण्याचे केंद्र भारताच्या बाजूने पुढे आहे.

पुण्याचा एक ठसा याहून हलका, पण मला फार आवडणारा. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने प्रत्येक देशाला एकेका ताऱ्याचे आणि त्याच्या ग्रहाचे नाव ठेवण्याची संधी दिली. भारताच्या वाट्याला आला एचडी ८६०८१ हा तारा. त्याला ‘बिभा’ नाव मिळाले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रहाचे नाव सुचवले पुण्यातल्या तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने : संतमस. संस्कृतात सगळीकडे दाटून पसरलेल्या अंधाराला हा शब्द आहे. ‘बिभा’ म्हणजे प्रकाश. दोन दिवसांत ताऱ्याभोवती फेरी घालणारा, कधीही दुर्बिणीत न दिसलेला हा ग्रह, त्या प्रकाशावर पडलेल्या परिणामातूनच आपल्याला माहीत झाला. नाव इतके चपखल बसलेले मी क्वचित पाहिले आहे.

पुढच्या पानांत गणित फार नाही, पण मोजमाप पुष्कळ आहे. प्रत्येक ग्रहाबरोबर तो कुठल्या रीतीने सापडला आणि त्याच्या आकड्यात चुकीला किती जागा आहे, हे दिलेले आहे. ते ओलांडून फक्त ग्रहांची वर्णने वाचू नका, एवढीच विनंती. आणि एक काम करून पाहा. ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस ओसरल्यावर, सायंकाळी साडेसातच्या सुमारास शहराच्या दिव्यांपासून दूर, सिंहगडाच्या बाजूला किंवा जुन्नरच्या वाटेवर पश्चिमेकडे पाहा. भुजंगधारीतला ७० क्रमांकाचा तारा चौथ्या प्रतीचा आहे. डोळ्यांना मंद दिसतो, पण लहान दुर्बिणीत त्याचे दोन तारे सुटे होतात. साडेसोळा प्रकाशवर्षांवरचा हा शेजारी आहे. जेकब यांनी लेख लिहिला त्यानंतर ती जोडी एकमेकांभोवती दुसरी फेरी पुरी करत आली आहे. तिथे अजून एकही ग्रह सापडलेला नाही.